मागच्या सीटखालचा आवाज

गाडी बंद पडली की आधी बॉनेट उघडायचं, ही सवय जुनी. नंदुरबारच्या एका गॅरेजातला मिस्त्री मात्र पुढे जातच नाही. तो मागचा दरवाजा उघडतो, सीटवर गुडघा टेकतो, कान रेक्झिनला लावतो आणि एक हात वर करून सगळ्यांना गप्प करतो. शेजारचा वेल्डिंगवाला थांबतो. समोरच्या टपरीवरचा रेडिओ हळू होतो. टायरवाल्याचा कंप्रेसर तेवढा कुणाचं ऐकत नाही, म्हणून तो थांबेपर्यंत वाट पाहिली जाते. मग स्टेअरिंगवर बसलेल्या गुरुजींना हुकूम सुटतो, "चावी ऑन करा. सेल्फ मारू नका, गुरुजी. नुसती ऑन."

डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागतात. सीटखालून काहीच येत नाही.

"परत."

या वेळी येतो. बारीक, घोगरा, मध्येच अडखळणारा आवाज. येतो आणि विरतो. मिस्त्री उठतो, हात पुसतो, बोलत काहीच नाही. जमलेल्यांपैकी एकाला राहवत नाही, "काय व्हयनं भाऊ?" मिस्त्री त्याच्याकडे न बघता फ्यूजचा डबा उघडायला घेतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांत हा आवाज असतो, पण वर्षानुवर्षं गाडी चालवूनही तो कानावर न आलेली माणसं पुष्कळ. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला, मुठीत मावेल एवढा विजेचा पंप बसवलेला असतो. चावी ऑन झाली की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्याला साधारण दोन सेकंद करंट देतो. तेवढ्यात इंजिनापर्यंतच्या नळीत ३ ते ४ बार दाब भरतो आणि पंप गप्प होतो. इंजिन फिरू लागलं की तो पुन्हा सुरू होतो आणि इंजिन थांबेपर्यंत थांबत नाही. अपघातात नळी तुटली आणि इंजिन बंद पडलं, तर पेट्रोल रस्त्यावर ओतलं जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था. एरवी एसी, गाणी, खिडकीतला वारा यांच्याखाली तो आवाज दबून जातो. आठवण होते ती तो यायचा थांबल्यावर.

गुरुजी नंदुरबारला राहतात आणि शाळा आहे धडगाव तालुक्यात. हातोडा पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा मागे टाकायचं, मग चांदसैलीचा घाट आणि मग धडगाव. पावसाळ्यात या घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो, हे जिल्ह्याला सवयीचं झालंय. पण फेब्रुवारी संपत आलेला, आभाळ स्वच्छ, रस्ता कोरडा, आणि तरी गाडी घाटात दगा देऊ लागली. तळोद्यापर्यंत तक्रार नाही. चढ लागला की पिकअप जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढे जायच्या ऐवजी झटके देते, पुढच्या वळणावर जीव सोडते. सेल्फ छान फिरतो, इंजिन पकडत नाही. अर्धा तास सागाच्या सावलीत बसावं, पाणी प्यावं, येणाऱ्या-जाणाऱ्या जीपवाल्यांचा सल्ला ऐकावा. मग चावी फिरवली की गाडी अशी सुरू होते, जणू मघाशी बंद पडलेली गाडी दुसरीच कुठली होती.

थांबून-थांबून बरं होणाऱ्या दुखण्याचा त्रास हाच, की ते डॉक्टरला दाखवता येत नाही. गॅरेजात आणली की गाडी ठणठणीत. त्यामुळे ज्याला जे सुचलं ते बदललं गेलं. प्लग नवे आले. एअर फिल्टर आला. कुणी कॉईल सांगितली, ती आली. गाडी तापते म्हणून रेडिएटरचं पाणी बदललं गेलं, वास्तविक तापमानाचा काटा कधी जागचा हलला नव्हता. एवढं सगळं होऊनही चांदसैलीच्या वळणावर गाडीचं म्हणणं तेच. आणि पुढे होळी. होळीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठीच्या राजवाडी होळीला माणसांची रीघ लागते, सातपुड्यातल्या रस्त्यांवर जीपच्या टपावरसुद्धा जागा नसते. त्या गर्दीत चढावर आडवी पडलेली गाडी म्हणजे मागच्या शंभर जणांच्या शिव्या.

चढावर पेट्रोल न पोचण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली, दीड कोटींच्या घरात. तिच्यात पंप नव्हताच. टाकी सीटखाली, कार्बोरेटर तिच्यापेक्षा खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने ओघळत यायचं. सपाटीवर उत्तम. पण टाकीत पेट्रोल थोडं आणि चढ खडा असला की गाडीचं नाक वर व्हायचं, कार्बोरेटर टाकीच्या पातळीवर जायचा आणि ओघ थांबायचा. त्यावर लोकांनी काढलेला उपाय असा की गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये डोंगर चढायचा. तोरणमाळच्या घाटात एखादी गाडी उलट्या तोंडाने वर चाललीय, हे दृश्य डोळ्यासमोर आणून बघावं. अमेरिकेत ते कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

मग पंप आले. आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिनाच्या अंगाला चिकटलेला पंप असायचा. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणत. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हलवायचा, दांडी रबरी पडदा खालीवर ओढायची आणि पेट्रोल घोटाघोटाने पुढे जायचं. पडदा फाटला की दुकानातून किट आणायचं, सहा स्क्रू खोलायचे, रस्त्याच्या कडेला बसून पडदा बदलायचा. पंपाला बाहेर एक छोटी मूठ असे. ती बोटाने हलवून हाताने पेट्रोल चढवता येई. काही पंपांवर काचेची वाटी असायची आणि पेट्रोलमध्ये पाणी आलंय की नाही ते तिच्या तळाशी डोळ्यांना दिसायचं. त्या पंपाचं पोट कुणालाही उघडता येत होतं, ही त्याची खरी थोरवी.

त्याचं दुखणंही उघडं होतं. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. सुरत-धुळे रस्त्यावर कोंडाईबारी घाट चढताना तापलेल्या इंजिनाला चिकटलेला पंपही तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ढकलता यायची नाही. गाडी बंद. मग क्लीनर ओलं फडकं आणायचा, पंपावर गुंडाळायचा, वरून तांब्याभर पाणी. ड्रायव्हर बिडी पेटवायला जरा लांब जाऊन बसायचा. वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं की प्रवास पुढे सुरू. अमेरिकेत याच कारणासाठी लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्या चिमट्यांनी नळी किती गार व्हायची ते सोडा. आपल्या ओल्या फडक्यामागे निदान शास्त्र होतं.

धडगाव-मोलगी भागात धावणाऱ्या जीपवाल्यांना यातलं काही सांगू नये. त्यांच्या गाड्या डिझेलच्या. डिझेल संपून गाडी थांबली तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, नळीत हवा शिरलेली असते. ब्लीडचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे येतात ते बघायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. "हवा घेतली व्हती" एवढं सांगून ड्रायव्हर मोकळा. पाठीमागे चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि आमचूरची पोती असताना हे काम पाच-दहा मिनिटांत उरकणारे हात या डोंगरात आजही आहेत. पेट्रोलच्या नव्या गाडीपाशी तेच हात अडतात. कारण तिचा पंप दिसत नाही, हाताने हलत नाही, आणि त्याला हवा घेतली का ते विचारायची सोय नाही.

हा बदल साधारण २००० सालच्या आसपास झाला. त्या वर्षी देशभर नवे प्रदूषण-नियम लागू झाले, शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्टरने पेट्रोल उडवणारं एमपीएफआय आलं. इंजेक्टरला तुषार उडवायचा तर दाब हवा, आणि तो दाब रबरी पडद्याच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून विजेचा पंप आला आणि तो थेट टाकीत जाऊन बसला. पेट्रोलमध्ये विजेची मोटर हे ऐकून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण पेट्रोलला पेटायला हवा लागते; द्रवात बुडालेल्या मोटरपाशी ती नसते. उलट पेट्रोल मोटरच्या अंगातूनच वाहतं, तिला गार ठेवतं आणि वंगणही पुरवतं. तापीच्या डोहात बसलेल्या म्हशीसारखा हा पंप. डोह भरलेला असेपर्यंत त्याला उन्हाळ्याचं काही नाही.

डोह आटवायची सवय या जिल्ह्याला भूगोलाने लावली आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेट्रोलचंही तसंच. करांतल्या फरकामुळे सीमेपलीकडे ते लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. नंदुरबारहून निझर जवळ, तळोद्याहून कुकरमुंडा, नवापूरहून उच्छल, अक्कलकुव्याहून सागबारा. मग शहाणा माणूस काय करतो? काटा खाली येऊ देतो, रिझर्व्हचा दिवा लागला तरी दमाने घेतो, "आता शनिवारी तिकडेच भरू" म्हणतो. पैसे वाचतात यात शंका नाही. मात्र त्या आठवड्यात पंप उघडा पडतो, तापतो, टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ओढत राहतो. त्यात घाट. चढावर टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल मागे सरकतं आणि पंप कधी पेट्रोल, कधी हवा घेऊ लागतो. वाचवलेल्या पैशांचा हिशोब सगळे ठेवतात, पंपाच्या मोटरमधले कार्बनचे ब्रश किती झिजले ते कोण मोजणार.

गुरुजींची गाडीही याच पंथातली. पण मिस्त्रीने त्यावर एकदम बोट ठेवलं नाही, आणि इथेच तो बाकीच्यांहून वेगळा ठरतो. घोगरा आवाज ऐकूनही त्याने पंपावर आळ घेतला नाही. आवाज नाही म्हणजे पंप मेला असं नसतं, त्याला करंटच मिळत नसेल. आणि आवाज आहे म्हणजे पंप धडधाकट असंही नसतं, तो नुसता गुरगुरत असेल.

आधी फ्यूज. शाबूत. मग रिले. त्याच डब्यात हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता. दोघांची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंपाची तऱ्हा तीच राहिली, म्हणजे रिले निर्दोष. फुकटात होणारी ही तपासणी आधी करायची सोडून लोक पंप मागवतात. मग सीटखालचा कपलर काढून करंट बघितला. पोऱ्याने मल्टिमीटर पुढे केला, त्यावर १२ व्होल्ट स्वच्छ दिसले. मिस्त्रीने मान हलवली आणि खिशातून टेस्ट लॅम्प काढला : इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एक सुई. तो लावला तर बल्ब पिवळट, मरगळलेला. मीटरला जवळपास करंट लागतच नाही, त्यामुळे गंजलेल्या तारेतूनही तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्बला मात्र खराखुरा करंट ओढावा लागतो, त्याला फसवता येत नाही. पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्याने अर्थिंगची वायर बॉडीपाशी हिरवी पडली होती. ती घासली, नवं टर्मिनल लावलं, बल्ब लख्ख पेटला. सीटखालचा आवाजही सुधारला.

इथे कुणीही बिल फाडलं असतं. गुरुजींनी पाकीट काढलंही होतं.

मिस्त्रीने नळीत टी जोडून प्रेशर गेज बसवलं, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज वायपरखाली अडकवलं, काचेतून दिसेल असं. रविवारी दोघं तळोद्याकडे निघाले. सपाटीवर काटा ३ बारच्या थोडा वर, स्थिर. तळोदा सुटलं, ऊन वाढलं, चढ लागला. मिस्त्रीने एसी लावायला सांगितला, हेडलाइट लावायला सांगितले, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगितला. काटा थरथरला. मग जिना उतरावा तसा उतरत गेला आणि दोनच्या खाली गेला तेव्हा गाडीने पहिला झटका दिला. गुरुजींनी रस्ता बघायचा सोडून काटा बघितला म्हणून मिस्त्री ओरडला. गाडी थांबली. दाराची काच खाली केली, मोहाचा पहिला, आंबूस-गोड वास आत आला. दोघं उतरले. मिस्त्रीने मागे जाऊन टाकीच्या बुडावर रबरी हातोडीने दोन-तीन हलक्या थापा दिल्या आणि चावी फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली. ब्रश झिजलेली मोटर अशा धक्क्याने तेवढ्यापुरती जागी होते. हा उपाय नव्हे, पण घरी पोचायला आणि खात्री पटायला पुरतो.

अर्थिंग खराब होतं आणि पंपही खराब होता. दोन्ही खरं होतं. कदाचित कमी करंटवर वर्षभर कष्ट काढून पंपाने अंग टाकलं असेल. गाडीच्या दुखण्यात एकच गुन्हेगार सापडला की तपास थांबवायचा मोह फार.

पार्ट सुरतेहून मागवला. दोन प्रकारे मिळतो. एक, अख्खी असेंब्ली : पंप, जाळी, प्रेशर रेग्युलेटर, काटा दाखवणारा फ्लोट, सगळं एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात. दुसरा, नुसती मोटर. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बहुधा असेंब्लीच बदलतात आणि बिल काही हजारांत जातं. मोटर तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पिंजरा धड असेल, रेग्युलेटर दाब धरत असेल तर चांगल्या कंपनीची मोटर आणि नवी जाळी टाकण्यात कमीपणा काही नाही. उलट जिथे वर्कशॉप शे-दीडशे किलोमीटरवर आहे तिथे तेच व्यवहाराचं. सांभाळायचं ते एका बारीक गोष्टीला. टाकीच्या आतली नळी वेगळ्या जातीची असते, आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहायला केलेली. घाईत कुणी बाहेरची साधी पेट्रोलची नळी कापून बसवली तर काही महिन्यांत ती फुगून फाटते आणि नव्या पंपाच्या नावाने शंख सुरू होतो.

बदलायच्या दिवशी गाडी गॅरेजच्या आत न घेता उघड्यावर, नीमाच्या सावलीत लावली. फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. नाहीतर क्लिप काढताच पेट्रोलची पिचकारी तोंडावर. मग बॅटरीचं टर्मिनल काढलं. टपरीवरच्या दोघांना बिड्या विझवायला लावल्या. मागची सीट उचलली. सीटखाली निघालेला ऐवज असा : खडूचे तुकडे, शेंगांची टरफलं, एक पाच रुपयांचं नाणं, हजेरीपत्रकाचं फाटलेलं पान आणि सातपुड्याची तांबडी धूळ. झाकणावरची धूळ ब्रशने आणि हवेने साफ करूनच झाकण उघडलं, कारण तिथली चिमूटभर माती आत पडली की ती थेट नव्या जाळीवर. काही गाड्यांत हे झाकण दिलेलंच नसतं, अख्खी टाकी खाली उतरवावी लागते. ज्याने तसं डिझाइन केलं त्याने स्वतः एकदा ती उतरवायला हवी होती.

पंपावरची मोठी रिंग घट्ट बसलेली असते. छन्नी-हातोडीने ठोकायला पोऱ्याचे हात शिवशिवत होते. मिस्त्रीने त्याच्या हातातून लोखंडी छन्नी काढून घेतली आणि पितळेचा तुकडा दिला. पितळेने ठिणगी उडत नाही. रिंग सुटली, पेट्रोलचा भपकारा आला. एरवी मिस्त्री नाकाने गळती शोधतो, पण त्या दिवसांत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर उरलीसुरली मिरची वाळत असते. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पेट्रोल, मिरची असा दुहेरी ठसका सगळ्यांना एकदम लागला. पिंजरा बाहेर काढताना फ्लोटची दांडी वाकू द्यायची नाही. ती वाकली तर काटा जन्मभर खोटं बोलतो. टाकीत पेट्रोल पाव हिस्सा होतं, काम सोपं झालं. भरलेल्या टाकीवर हे काम करणं म्हणजे सांडलवंड. पंप ज्या सवयीने गेला ती बदलायच्या दिवशी अशी उपयोगी पडली.

जुनी जाळी काळीकुळीत. नखाने खरवडली तर गाळ निघाला आणि तळाशी पाण्याचे दोन थेंब मण्यांसारखे फिरत राहिले. नवी ओ-रिंग बसवली; जुनी पेट्रोल पिऊन फुगलेली असते, ती खाचेत परत बसत नाही. सगळं जोडून झाल्यावर चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ. रिकाम्या नळ्या भरल्या. आवाज आला : सरळ, बारीक, एकसुरी. मग सेल्फ.

जाळीतल्या पाण्यावरून गॅरेजात वाद झाला. हल्ली काहीही बिघडलं की खापर इथेनॉलवर. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. शहाद्याकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला मळीपासून इथेनॉल होतं हे सांगावं लागत नाही, त्यामुळे वादात दोन बाजू तावातावाने पडल्या. खरं एवढं की इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके पंपाच्या जाळीपाशी. अशा पेट्रोलसाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबराला त्याचा त्रास होऊ शकतो. पण टाकीत पाणी शिरायला सैल झाकण, पावसात उघडा राहिलेला कॅन आणि डोंगरात दुकानादुकानांवर टांगलेलं बाटलीतलं पेट्रोलही पुरेसं असतं. कचऱ्याचा त्रास तर इथेनॉलच्या कितीतरी आधीचा. १८८८ साली बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या टाचणीने साफ केली.

दर वेळी दोष चालवणाऱ्याचा किंवा पेट्रोलचा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. जून २०२० मध्ये होंडाने भारतात २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या फ्युएल पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या. पुढच्याच महिन्यात मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या याच भागासाठी बोलावल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत टोयोटाने सुमारे ७ लाख गाड्यांपासून सुरुवात केली होती. तिथे पंपातला प्लास्टिकचा पंखा इंधन शोषून फुगतो, घासतो आणि अडकतो, असं कारण निघालं. २०२४ मध्ये होंडाने पुन्हा ९२,६७२ गाड्यांचे पंप बदलायचं जाहीर केलं. ही दुरुस्ती फुकट असते.

पण कंपनीचं पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. सुरतेतली गाडी तीन हात फिरून नंदुरबारला आली, पाटी जीजे-०५ ची तशीच राहिली किंवा एमएच-३९ झाली, आणि पत्र कुठल्या तरी सोसायटीच्या डब्यात पडून राहिलं. जिल्ह्यात सेकंडहँड गाड्या भरपूर. त्यांच्या किती मालकांनी स्वतःच्या खिशातून पंप बदलला असेल, जो त्यांना फुकट मिळायचा होता, याचा विचार केला तर चरफड होते. गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की ती परत बोलावलेल्या गाड्यांत आहे का ते दोन मिनिटांत कळतं. गुरुजींची नव्हती. पण बघून घेतलं.

वाचकांपैकी कुणाची गाडी उद्या अशी अडखळली, तर दोन गोष्टी कराव्यात. पंप बदलण्याआधी रिले आणि अर्थिंग आपल्यासमोर तपासायला लावा. आणि बदललाच, तर जुना पंप गॅरेजात सोडून येऊ नका. मागून घ्या, जाळी कापून उघडा आणि आत काय साठलंय ते उन्हात धरून बघा.